परिचारिकेची परीक्षा

रुग्णाच्या पायांवर सूज आली. ती हृदय थकल्यामुळें कीं मूत्रपिंड बिघडल्यामुळें, असा प्रश्न परिचारिकांच्या परीक्षेंत आज सहज विचारतात. परंतु अशी सरकारमान्य परीक्षा मुळांत असावी काय, यावरच इंग्लंडांत तीस वर्षांहून अधिक काळ वाद माजला होता; आणि श्रोत्यांस नवल वाटेल, विरोधकांच्या अग्रभागीं होत्या खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल!

१८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली. बाई ज्ञानाच्या वैरी खासच नव्हत्या. संख्याशास्त्रांत त्या निष्णात. पण रात्रीं तीन वाजतां रुग्णाचा बदललेला श्वास जिच्या ध्यानीं येतो, तिच्या जागरूकतेला गुण देणार कसे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय.

सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या माजी मुख्य परिचारिका बेडफर्ड फेन्विक यांनीं १८८७ सालीं परिचारिकांचा संघ स्थापून उलट मागणी केली : ठराविक शिक्षण, परीक्षा व नोंदवही. गणवेश चढवून कोणीहि परिचारिका म्हणवूं लागली, तर अनोळखी घरानें विश्वास कशावर ठेवावा? मला हाच पक्ष सबळ वाटतो. शील पारखावयास नाइटिंगेलबाई प्रत्येक शय्येशीं थोड्याच उभ्या राहणार होत्या!

न्यूझीलंडनें १९०१ सालींच कायदा केला. इंग्लंडांत तो १९१९ सालीं, म्हणजे नाइटिंगेलबाईंच्या निधनानंतर नऊ वर्षांनीं झाला. १९२१ सालीं उघडलेल्या नोंदवहींत पहिलें नांव फेन्विकबाईंचें. जुन्या परिचारिकांना सवलत असल्यानें परीक्षा मात्र त्यांना स्वतःला द्यावी लागली नाहीं.