डेटा संकोचन, डायल-अप मोडेममधील

टेलिफोनच्या तारेवर सोडण्यापूर्वी माहितीतली पुनरुक्ती काढून ती आटोपशीर करणे आणि पलीकडच्या मोडेमने ती मूळ रूपात उलगडणे, अशी ही पद्धत. तिच्यामुळे तारेचा वेग वाढत नाही. तेवढ्याच बिटांत अधिक मजकूर मावतो.

मायक्रोकॉम या अमेरिकी कंपनीच्या 'एमएनपी ५' पद्धतीत फार तर दुपटीचा लाभ होई. १९९० साली आलेल्या 'व्ही.४२बिस' या आंतरराष्ट्रीय मानकाने ही मर्यादा चौपटीपर्यंत नेली. त्याचा पाया अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव या इस्रायली संशोधकांनी १९७८ मध्ये घातला होता : वारंवार येणाऱ्या अक्षरमालिकांचा कोश दोन्ही मोडेम मजकूर जाता-येताच तयार करतात आणि मालिकेऐवजी तिचा क्रमांक पाठवतात. पुढे 'व्ही.४४' आले (२०००).

लाभ किती, हे फाइलच ठरवते. साधा मजकूर आणि एचटीएमएल पाने चांगली आक्रसतात. झिप, जेपीईजी, एमपी३ या फाइली मुळातच दाबलेल्या असल्याने त्यांत काढण्याजोगे काही उरत नाही. एमएनपी ५ मुळे तर त्या किंचित फुगत. अशी माहिती ओळखून व्ही.४२बिस संकोचन थांबवू शकते, आणि चौपटीच्या आकड्यापेक्षा हाच गुण अधिक मोलाचा.

जाहिरातीतली चौपट मात्र ५६के मोडेमवर सहसा हाती लागली नाही. अडसर तारेचा नव्हे, संगणक आणि बाहेरचा मोडेम यांना जोडणाऱ्या सिरियल पोर्टचा होता. त्याचा नेहमीचा कमाल वेग सेकंदाला १,१५,२०० बिट. प्रत्येक अक्षरामागे आरंभीचा व शेवटचा असे दोन जादा बिट धरून दहा बिट लागत, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. तारेवर ५०,००० बिटांची जोडणी मिळाली, तर संकोचनाशिवाय सुमारे ६,२५० अक्षरे येतात, कारण त्रुटिसुधारणेच्या व्ही.४२ पद्धतीत ते जादा बिट तारेवर जातच नाहीत. म्हणजे मजकूर कितीही आक्रसणारा असला, तरी पोर्ट दुपटीच्या अलीकडेच अडवतो : १ एमबीची फाइल १६८ सेकंदांऐवजी ९१ सेकंदांत येईल, त्याहून लवकर नाही. पोर्टचा वेग चुकून ५७,६०० ठेवला, तर ५,७६० अक्षरेच आत येतात. मग संकोचनाचा फायदा तर जातोच, तारेची क्षमताही पुरती वापरली जात नाही.

वेब सर्व्हर पाने जीझिपने दाबून पाठवू लागल्यावर मजकुरातली पुनरुक्ती तिथेच संपली. अशा पानांवर मोडेमच्या संकोचनाने वेगात काहीच भर पडत नाही.