रेडिओवर तेच ते आणि तेच ते

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचन, टीव्ही, कॉम्प्युटर सगळं काही दिवस बंद. नातीने उशाशी छोटा रेडिओ ठेवला, तिच्या आवडीचं एफएम स्टेशन लावलं आणि ती कॉलेजला गेली. पहिल्या दिवशी मजा वाटली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, सकाळी चहाबरोबर ऐकलेलं गाणं अंघोळीनंतर लागलं, जेवताना लागलं आणि दुपारी डोळ्यात थेंब घालतानाही लागलं. गाणं वाईट नव्हतं हो, पण दिवसात चारदा? काटा फिरवला तर शेजारच्या स्टेशनवरही तेच!

पडल्या पडल्या दुसरा उद्योग नव्हता, म्हणून जुनं आठवत बसले.

आपलं पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. आमच्या वाड्यात रेडिओ एकच, तोही मालकांकडे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, 'गीतरामायण' सुरू झालं. मी तेव्हा पाच वर्षांची. मला आठवते ती फक्त मालकांच्या ओसरीवरची गर्दी, बाकीचं आईने सांगितलेलं. सीताकांत लाडांच्या आग्रहावरून गदिमा लिहीत, बाबूजी चाल लावत आणि दर आठवड्याला एक नवं गीत येई. गाणारेही किती वेगवेगळे! माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे... वर्षभरात ५६ गीतं झाली.

आता गंमत बघा. तेव्हाही नवं गीत त्याच आठवड्यात पुन्हा लागायचं. पण ते पुन्हा लावायचे ते लोकांच्या कानात बसावं म्हणून, आणि पुढच्या आठवड्यात दुसरं यायचं. म्हणजे पुन्हा पुन्हा ऐकवणं हा मुळात दोष नाही. पुढचं गाणं येतच नाही, ही खरी तक्रार आहे.

तेव्हा सगळं छान होतं असंही नाही. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलाच मराठी माणूस. शास्त्रीय संगीत घराघरात पोचावं ही त्यांची तळमळ खरी होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाला. पण सिनेमाची गाणी त्यांना हलकी वाटत, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? सरळ रेडिओ सिलोन लावलं! अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' त्याच १९५२ सालची. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. आणि त्याच विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती आल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरपासून.

केसकरांवर मी टीका करते खरी, पण मी तरी काय वेगळं केलं? शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी मी कितीतरी वर्षं निवडत असे. सिनेमातलं गाणं नको, हा माझा नियम. १९८० च्या सुमारास आठवीतली एक मुलगी सिनेमातलं गाणं बसवून आली होती. तिचा आवाज गोड होता हे मला माहीत होतं. तिला पहिली ओळही म्हणू न देता मी म्हणाले, "भावगीत बसव, नाहीतर राहू दे." तिने राहू दिलं. दहावी होईपर्यंत ती पुन्हा कधी गायला उभी राहिली नाही. परवा डोळ्यावर पट्टी असताना तिचा चेहरा मात्र स्वच्छ दिसला.

आजच्या खाजगी एफएमचं गणित वेगळं आहे. लिलावात बोली लावून परवाना घ्यायचा आणि ते पैसे जाहिरातींतून वसूल करायचे. अनोळखी गाणं लागलं की माणूस काटा फिरवतो, ही भीती. मग लोकांना आधीच आवडलेली मोजकी गाणी दिवसभर फिरवत राहायची. प्रत्येक स्टेशन असाच विचार करतं, म्हणून स्टेशनं वाढली तरी गाणी वाढली नाहीत. केसकर म्हणत, तुम्हाला जे आवडायला हवं तेच ऐका. हे म्हणतात, तुम्हाला काल आवडलं तेच आजही ऐका. नवं काही दिलं तर ऐकणाऱ्याला आवडेल, हा विश्वास दोघांकडेही नाही. गीतरामायणाच्या वेळी तो होता.

नात म्हणते, "आजी, मोबाईलवर हवं ते लाव ना!" अगं, पण हवं ते लावण्यासाठी आधी ते माहीत असायला हवं. न मागितलेलं गाणं अचानक कानावर पडणं, हे रेडिओनेच मला दिलं.

आता संध्याकाळी आम्ही दोघींनी एक ठरवलं आहे. एक गाणं तिने लावायचं, एक मी, आणि दुसरीने ते शेवटपर्यंत ऐकायचं. काल तिने लावलेलं मला मुळीच आवडलं नाही. पण पूर्ण ऐकलं. तेवढं तरी त्या आठवीतल्या मुलीचं देणं लागते मी.

असो. तुम्ही रेडिओवर अवचित ऐकलेलं आणि अजून विसरला नाहीत असं गाणं कोणतं? जरूर कळवा.