प्रतिन्यूट्रिनो शोधकाद्वारे अणुभट्टीची देखरेख

अणुभट्टीतून बाहेर पडणारे प्रतिन्यूट्रिनो मोजून ती भट्टी चालू आहे की बंद, ती किती औष्णिक शक्तीने चालत आहे आणि तिच्यातील इंधनाचे घटक कसे बदलत आहेत, यांचा अंदाज भट्टीबाहेरून घेण्याच्या पद्धतीस प्रतिन्यूट्रिनो देखरेख असे म्हणतात. अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी या पद्धतीचा उपयोग करता येईल काय, याचा अभ्यास अनेक देशांत चालू आहे. भारतात यासाठी आवश्यक असलेल्या शोधकाचा विकास मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘इस्मरान’ या नावाने झाला आहे.

पार्श्वभूमी

अणुभट्टीत युरेनियम-२३८ न्यूट्रॉन शोषून घेते आणि पुढील किरणोत्सर्गी बदलांतून त्याचे प्लुटोनियम-२३९ होते. हे प्लुटोनियम वीजनिर्मितीचे इंधन म्हणून वापरता येते, तसेच अण्वस्त्रातही वापरता येते. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीत प्रत्येक मेगावॉट-दिवसामागे ढोबळमानाने १ ग्रॅम प्लुटोनियम तयार होते. म्हणजे ४० मेगावॉट औष्णिक शक्तीची भट्टी २०० दिवस पूर्ण शक्तीने चालली, तर सुमारे ८ किलोग्रॅम प्लुटोनियम साठते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपल्या तपासणीसाठी नेमका हाच आकडा ‘लक्षणीय प्रमाण’ मानते.

याचे उदाहरण तुर्भे येथेच आहे. कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली ४० मेगावॉटची ‘सायरस’ भट्टी १९६० मध्ये कार्यान्वित झाली. ती शांततामय उपयोगासाठी दिलेली असली, तरी १९७४ च्या पोखरण चाचणीतील प्लुटोनियम तिच्यातूनच मिळाले होते. या घटनेनंतर अणुसामग्रीच्या निर्यातीवरील आंतरराष्ट्रीय निर्बंध कडक झाले. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद करण्यात आली.

सध्याच्या तपासणीत इंधनाची मोजदाद, नोंदवह्यांची पडताळणी, मोहोरा आणि कॅमेरे यांवर भर असतो. ही साखळी एकदा तुटली, तर मागील काळात भट्टीत काय घडले हे ठरविणे कठीण जाते. १९९४ मध्ये उत्तर कोरियाने योंगब्यॉन येथील भट्टीतील इंधन निरीक्षकांच्या अटी न पाळता बाहेर काढले, तेव्हा हीच अडचण उभी राहिली.

भौतिक तत्त्व

अणुविखंडनातून निर्माण होणारी अणुकेंद्रके अस्थिर असतात. त्यांच्या बीटा क्षयामध्ये इलेक्ट्रॉनासोबत प्रतिन्यूट्रिनोही बाहेर पडतो. एका विखंडनामागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो निर्माण होतात. १,००० मेगावॉट औष्णिक शक्तीच्या भट्टीतून दर सेकंदास बाहेर पडणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची संख्या २ या अंकापुढे २० शून्ये मांडावीत इतकी असते. त्यांना शिसे, काँक्रीट किंवा पोलाद अडवू शकत नाही. म्हणून चालू भट्टीचे प्रतिन्यूट्रिनो लपविता येत नाहीत.

युरेनियम-२३५ च्या एका विखंडनामागे शोधकात जेवढ्या घटना नोंदल्या जातात, त्या प्लुटोनियम-२३९ च्या तुलनेत सुमारे दीडपट असतात. भट्टीत प्लुटोनियमाचा वाटा वाढत गेला की शक्ती तीच राहूनही नोंदींची संख्या काही टक्क्यांनी घटते. या घटीवरून इंधन किती जळाले, याचा अंदाज करता येतो.

शोधकाची रचना

प्रतिन्यूट्रिनो हायड्रोजनाच्या केंद्रकातील प्रोटॉनावर आदळला, तर क्वचित पॉझिट्रॉन आणि न्यूट्रॉन निर्माण होतात. त्यासाठी प्रतिन्यूट्रिनोची ऊर्जा किमान १.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असावी लागते. पॉझिट्रॉनाची चमक तत्काळ दिसते. न्यूट्रॉन मात्र काही मायक्रोसेकंद भटकून गॅडोलिनियमसारख्या मूलद्रव्यात शोषला जातो आणि दुसरी चमक देतो. अशा जोडचमकेवरूनच प्रतिन्यूट्रिनोची घटना इतर गोंधळातून वेगळी काढता येते. फ्रेडरिक रेनेस आणि क्लाइड कोवन यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सव्हाना रिव्हर भट्टीजवळ याच तत्त्वाने प्रतिन्यूट्रिनोचे अस्तित्व सिद्ध केले.

इतिहास

प्रतिन्यूट्रिनोंद्वारे भट्टीवर लक्ष ठेवण्याची कल्पना सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मांडली. १९८० च्या दशकात युक्रेनमधील रोव्हनो अणुऊर्जा केंद्रात तिची चाचणी झाली. कॅलिफोर्नियातील सॅन ओनोफ्रे केंद्रात भट्टीपासून सुमारे २५ मीटर अंतरावर ठेवलेल्या छोट्या शोधकाने भट्टीची शक्ती आणि इंधनाचे ज्वलन या दोन्हींचा मागोवा घेतला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००८ मध्ये व्हिएन्ना येथे या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इराणमधील अराक येथील ४० मेगावॉटच्या जडपाणी भट्टीसाठी ही पद्धत कशी वापरता येईल, याचे गणित मांडण्यात आले.

इस्मरान प्रकल्प

इस्मरानचा शोधक तुर्भे येथील ‘ध्रुव’ संशोधन भट्टीच्या गाभ्यापासून सुमारे १३ मीटर अंतरासाठी आखलेला आहे. १९८५ मध्ये सुरू झालेली ध्रुव ही १०० मेगावॉट औष्णिक शक्तीची, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरणारी भट्टी आहे. शोधकात चमक देणाऱ्या प्लास्टिकच्या ९० पट्ट्या असून प्रत्येक पट्टी १ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि तितकीच जाड आहे. पट्ट्यांभोवती गॅडोलिनियमचा लेप दिलेला पातळ पडदा गुंडाळलेला असतो. एकूण वस्तुमान सुमारे १ टन भरते. आधी १६ पट्ट्यांचा ‘मिनी-इस्मरान’ हा नमुना भट्टीच्या इमारतीत चालविण्यात आला.

पूर्वीच्या बऱ्याच शोधकांत ज्वलनशील द्रव वापरला जात असे. घन प्लास्टिकमुळे गळतीचा व आगीचा धोका कमी होतो. मात्र शोधक जमिनीवर असल्याने वैश्विक किरण तसेच भट्टीतील गॅमा किरण व न्यूट्रॉन यांचा उपद्रव मोठा असतो. त्यासाठी शिसे आणि बोरॉनयुक्त पॉलिथिलीन यांचे कवच वापरावे लागते. देखरेखीखेरीज ‘निष्क्रिय न्यूट्रिनो’ या काल्पनिक कणाचा शोध हाही प्रकल्पाचा हेतू आहे.

ध्रुव भट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीच्या कक्षेत नाही. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. नागरी म्हणून जाहीर केलेल्या भट्ट्याच तपासणीखाली येतात. पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्यांत आहेत. त्यामुळे इस्मरान हा प्रत्यक्ष देखरेखीचा भाग नसून तंत्रविकासाचा प्रयोग आहे.

मर्यादा

प्रतिन्यूट्रिनोंची संख्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे लहान शोधक काही दशमीटर अंतरातच उपयोगी ठरतो आणि दूरची गुप्त भट्टी शोधण्यास हजारो टनांचा शोधक लागतो. पुरेशा नोंदी जमण्यास काही दिवस ते काही आठवडे जातात. भट्टीतून बाहेर काढलेले इंधन कोठे नेले, हे यावरून कळत नाही. मोठ्या वीजभट्ट्यांसाठी प्रचलित तपासणीच बहुधा पुरेशी मानली जाते. इंधनाचे नग मोजता येत नाहीत अशा वितळ-क्षार भट्ट्यांसारख्या नव्या प्रकारांत आणि राजनैतिक करारानुसार विशेष पडताळणी करावयाची असेल तेथे या पद्धतीचा उपयोग अधिक संभवतो. शोधक भट्टीजवळ बसविण्यास संबंधित देशाची संमती मात्र तेथेही आवश्यकच असते.