ऑपरेशन कोब्रा (१९४४) : स्वपक्षीय मारा आणि मानवी चूक

युद्धात आपल्याच सैन्याच्या माऱ्याने आपले सैनिक मृत्युमुखी पडतात, त्यास ‘फ्रेंडली फायर’ असे म्हणतात. अशा घटनेचा दोष बहुधा शस्त्र चालविणाऱ्याच्या माथी मारला जातो. दुसऱ्या महायुद्धातील ‘ऑपरेशन कोब्रा’ या मोहिमेचा अभ्यास केला असता मात्र चुकीचे मूळ अन्यत्र आढळते.

जुलै १९४४ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडी येथे सेंट लो–पेरिए रस्त्याच्या दक्षिणेकडील जर्मन फळी बॉम्बवर्षावाने फोडावी, अशी अमेरिकन सेनानी ओमर ब्रॅडली यांची योजना होती. विमाने रस्त्यास समांतर यावीत, म्हणजे बॉम्ब थोडे आधी पडले तरी स्वसैन्यास धोका नाही, असा त्यांचा आग्रह होता. परंतु सुमारे १५०० अवजड बॉम्बफेकी विमाने त्या अरुंद पट्ट्यातून ठरलेल्या वेळेत नेणे हवाई दलास अशक्य वाटत होते. हा मतभेद स्पष्टपणे मिटलाच नाही आणि विमाने स्वसैन्याच्या डोक्यावरून आली. त्यातच धूर व धुरळा यांमुळे खुणेचा रस्ता दिसेनासा झाला. २४ जुलै रोजी २५, तर २५ जुलै रोजी १११ अमेरिकन सैनिक ठार झाले. दुसऱ्या दिवशीच्या मृतांत लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर हेही होते.

पुढे जर्मन फळी फुटली व मोहीम यशस्वी ठरली. तथापि बॉम्ब टाकणाऱ्याची चूक ही या साखळीतील शेवटची कडी होती. ती प्राणघातक ठरावी, अशी परिस्थिती वरिष्ठांच्या अनिर्णित मतभेदाने आधीच निर्माण केली होती. म्हणून केवळ व्यक्तीचा दोष शोधणारे इतिहासलेखन येथे अपुरे पडते.