आयर्लंडची भूक : इतिहासात आणि कादंबरीत

आयर्लंडमध्ये १८४५ ते १८५२ या काळात जे घडले, त्याला आयरिश भाषेत 'अन गोर्टा मोर' म्हणजे 'मोठी भूक' म्हणतात. इंग्रजीच्या अनुकरणाने आपण त्याला बटाट्याचा दुष्काळ म्हणतो. दुष्काळ म्हटले की दोष काळावर जातो. आयरिश नाव मात्र थेट पोटाकडे बोट दाखवते. ते अधिक अचूक आहे, कारण बटाटा सडत असतानाही त्या बेटावर ओट व बार्ली पिकत होती, लोणी निघत होते आणि गुरे जहाजांवर चढत होती.

यामागचे गणित साधे आणि निर्दय होते. जमीन जमीनदाराची. कुळाने पिकवलेले धान्य आणि पोसलेले डुक्कर विकून खंड भरायचा व स्वतः बटाट्यावर जगायचे. थोड्याशा तुकड्यावर कुटुंबाचे पोट भरेल असे दुसरे पीक नव्हते. सुमारे ३० लाख लोक जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर अवलंबून होते आणि त्यातही 'लम्पर' या एकाच वाणावर. १८४५ मध्ये 'फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स' हा रोग आला, तेव्हा गरिबाचे ताट रिकामे झाले. खंड मात्र देणे होताच.

पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला. १८४६ मध्ये लॉर्ड जॉन रसेल यांचे सरकार आले आणि बाजारात हस्तक्षेप नको, हे तत्त्व प्रबळ झाले. मदतीची सूत्रे कोषागारातील अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांच्याकडे होती. भारतात ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी केलेले हे गृहस्थ पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. फुकट अन्न देण्याऐवजी रस्त्याची कामे काढण्यात आली. मार्च १८४७ मध्ये त्यांवर सात लाखांहून अधिक मजूर होते. पण त्या मजुरीत महागलेले धान्य परवडत नव्हते. राबूनही उपासमार, असा हा प्रकार होता. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारने सूपकेंद्रे उघडली आणि दिवसाला सुमारे ३० लाख लोक जेवू लागले. म्हणजे जेवू घालणे अशक्य नव्हते! तरीही शरद ऋतूत ती बंद झाली. पाव एकराहून अधिक जमीन कसणाऱ्याला मदत नाही, असा नियम त्याच वर्षी झाला. अन्न हवे तर जमीन सोडा, हा त्याचा व्यवहारातला अर्थ होता.

१८४७ मध्ये धान्याची आयात निर्यातीपेक्षा जास्त होती, हे नोंदवले पाहिजे; पण ते धान्य आले तेव्हा उशीर झाला होता आणि घेणाऱ्याच्या खिशात पैसा नव्हता. भारतातूनही मदत गेली. १८४६ मध्ये कलकत्त्यात उभारलेल्या निधीतून सुमारे १४ हजार पौंड पाठवण्यात आले. एकंदर सुमारे १० लाख माणसे मेली, त्याहून अधिक देशोधडीला लागली. १८४१ ची ८१ लाख ७५ हजार लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. पूर्ण बेटाने तो जुना आकडा आजही गाठलेला नाही.

साहित्याला या भुकेची ओळख आधीपासून होती. जोनाथन स्विफ्टने १७२९ मध्ये 'अ मॉडेस्ट प्रपोजल' या उपरोधिक लेखात गरिबांची मुले श्रीमंतांनी खावीत, असा प्रस्ताव मांडला होता. त्यातील शांत, हिशेबी सूर आजही अंगावर येतो. विल्यम कार्लटनची 'द ब्लॅक प्रॉफेट' ऐन आपत्तीत, १८४७ मध्ये, पुस्तकरूपाने आली. तिची पार्श्वभूमी आधीच्या एका दुष्काळाची. पण अर्पणपत्रिका पंतप्रधान रसेल यांच्या नावे होती. टपाल खात्यात नोकरीस असलेल्या अँथनी ट्रॉलपने आयर्लंड जवळून पाहिला होता. तरी त्याच्या 'कॅसल रिचमंड' (१८६०) मध्ये भुकेले लोक बड्या घरांच्या प्रेमकथेच्या कडेला उभे आहेत. ही कादंबरी सरकारी धोरणाची बाजू घेते आणि तिथेच ती तोकडी पडते.

कुळाच्या घरातून ही कथा समर्थपणे सांगितली ती लियम ओफ्लाहर्टी यांनी, 'फॅमिन' (१९३७) मध्ये. अरान बेटावर वाढलेल्या या लेखकाला जमीन, खंड व बटाटा यांचा संबंध समजावून घ्यावा लागला नाही. किलमार्टिन कुटुंबातील म्हातारा ब्रायन जमिनीला चिकटून राहतो; सून मेरी मात्र जगण्यासाठी अमेरिकेची वाट शोधते. दोघांचेही बरोबर वाटते, हे या कादंबरीचे बळ. जोसेफ ओकॉनर यांची 'स्टार ऑफ द सी' १८४७ मध्ये न्यूयॉर्ककडे निघालेल्या जहाजावर घडते. त्यात जमीनदार व त्याची कुळे एकाच जहाजावर आहेत. फरक आहे तो वरच्या आणि खालच्या मजल्याचा.

स्वातंत्र्यानंतरही गरिबी हटली नाही. फ्रँक मकोर्ट यांच्या 'अँजेलाज अ‍ॅशेस' (१९९६) या आठवणींत १९३० व १९४० च्या दशकांतील लिमरिक शहर आहे. तिथे पाव आणि चहा हेच जेवण आणि धर्मादाय मदतीसाठी हात पसरताना होणारा अपमान रोजचा. पुस्तकाला पुलित्झर मिळाले. लिमरिकमधील काहींनी मात्र आपले शहर इतके दरिद्री नव्हते, अशी तक्रार केली.