आंकड्यांचीं चित्रें

आंकडा कधीं खोटें बोलत नाहीं, असा सुशिक्षितांचा समज आहे. परंतु आंकड्याची साक्ष आपल्यापुढें मांडतो तो आलेख. आणि तो कोणी, कशानें व कसा काढला यावर साक्षीचा अर्थ पुष्कळ अंशीं अवलंबून असतो. आलेख काढण्याचें साधन आतां घरोघरीं पोंचलें आहे, म्हणून त्याच्या इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधावें असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं चालू झालेल्या ‘टिफ्रॅक’ संगणकास आलेख दाखविणारा पडदा जोडलेला होता. पण तें यंत्र संस्थेचें, गृहस्थाचें नव्हे. १९८१ सालीं आयबीएमचा वैयक्तिक संगणक निघाला आणि ही स्थिति पालटूं लागली. १९८५ सालीं एक्सेल आलें. १९८६ सालीं टॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनीं ग्नूप्लॉट रचलें. पॉल वेसेल व वॉल्टर स्मिथ या भूशास्त्रज्ञांनीं त्याच दशकाच्या अखेरीस नकाशे काढणाऱ्या जीएमटीचें काम आरंभिलें. आणि २००३ सालीं जॉन हंटर यांनीं मॅटप्लॉटलिब प्रसिद्ध केलें.

यांची तुलना बोईसरच्या परिसरांतील उदाहरणानें करूं. बोईसरजवळ समुद्रकांठीं तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ पासून उभें आहे. उत्तरेस डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ महत्तेचा धक्का बसला. अशा धक्क्यांचा आलेख येथें निव्वळ करमणूक नव्हे.

एक्सेलमध्यें महत्तांचे खांब घटकाभरांत उभे राहतात. ४ चा खांब २ च्या दुप्पट दिसतो. वस्तुतः महत्ता एकानें वाढली कीं ऊर्जा सुमारें ३२ पट होते. म्हणजे ४ च्या धक्क्यांत २ च्या हजारपट ऊर्जा! उलट ऊर्जेचेच खांब काढले, तर लहान धक्के दिसेनासेच होतात. एक चित्र गाफील करतें, दुसरें शेंकडों धक्के झांकून टाकतें. दोन्ही शेजारीं ठेवल्यावांचून निवाडा होत नाहीं.

हें काम चारही साधनें करतात; भेद आहे तो मागें राहणाऱ्या नोंदीचा. एक्सेल शिकावयास सोपें, पण माऊसनें केलेल्या फेरफारांचा माग सहसा उरत नाहीं. ग्नूप्लॉट आटोपशीर आहे. धक्क्यांचीं ठिकाणें किनाऱ्यासह नकाशावर मांडण्यांत जीएमटी सरस. मॅटप्लॉटलिब सर्वांत लवचिक, पण त्यास पायथन भाषा यावी लागते. हीं तिन्ही विनामूल्य असून त्यांत प्रत्येक पायरी आज्ञारूपानें लिहिलेली राहते. त्या आज्ञा व मूळ आंकडे हातीं आले, तर बोईसरचा विद्यार्थीहि तोच आलेख पुन्हां काढून मोजपट्टी बदलून पाहूं शकतो.

घरखर्चाच्या हिशेबास एक्सेल पुरेसें आहे. परंतु ज्या चित्रावर गांवाची निर्धास्तता किंवा भीति ठरावयाची, तें कसें काढलें याचा लेख सोबत असलाच पाहिजे. देखण्या चित्रापेक्षां तपासतां येणारें चित्र श्रेष्ठ, असेंच आम्ही म्हणूं.