लहान गळाची गोष्ट : ब्लॅक बास आणि ‘फिनेस’ मासेमारीचा इतिहास

मराठीत ‘गळ घालणे’ म्हणजे आग्रहाने विनवणे आणि ‘गळाला लागणे’ म्हणजे कुणाच्या तरी डावात सापडणे. एकाच लोखंडी आकड्यातून भाषेने विनवणी आणि फसवणूक असे दोन अर्थ काढले आहेत. कोकणात या आकड्याला ‘गरी’ म्हणतात आणि त्याने मासे धरण्याला ‘गरवणे’. जाळे टाकणारा पाणी गाळून काढतो. गरवणारा मात्र माशाच्या मर्जीवर अवलंबून असतो. त्याला वाट पाहावी लागते, मन वळवावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही या मन वळवण्याच्या कलेच्या एका विशिष्ट शाखेचा, अमेरिकेत व जपानमध्ये वाढलेल्या ‘फिनेस’ पद्धतीचा, इतिहास पाहणार आहोत. विषय साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटेल. पण या इतिहासाची जवळजवळ प्रत्येक पायरी एखाद्या पुस्तकावर उभी आहे, हे पुढे दिसेलच.

इंग्रजीत छापला गेलेला गळाने मासे धरण्यावरचा पहिला ग्रंथ १४९६ सालचा. विंकिन द वर्ड या मुद्रकाने तो प्रसिद्ध केला. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीकडे दिले जाते. अभ्यासकांत त्याविषयी एकमत नाही. या ग्रंथात गळ विकत घ्यायला सांगितलेले नाही, तो करायला शिकवले आहे. आणि तोही सुईपासून. लहान माशांसाठी बारीक सुया, मोठ्यांसाठी शिंप्याच्या व चांभाराच्या सुया. सुई निखाऱ्यात लाल करायची, थंड होऊ द्यायची, चाकूने उलटा काटा उठवायचा, टोकाला धार लावायची, पुन्हा तापवून वाकवायची आणि शेवटी पाणी पाजून कठीण करायची. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची : सर्वांत लहान माशाला एक केस, सामनला पंधरा. माशाच्या प्रमाणात साधन ठेवावे हे तत्त्व येथे स्पष्टपणे लिहिले गेले. गळाच्या छिद्राला आपण ‘नेढे’ म्हटले तर ते नुसते सोयीचे ठरत नाही, इतिहासालाही धरून होते. पुढे इंग्लंडमधील रेडिच हे सुयांचे गावच गळांचेही मोठे केंद्र बनले.

१६५३ साली आयझॅक वॉल्टनचा ‘द कम्प्लीट अँग्लर’ आला. साहित्याच्या इतिहासात तो संवादरूप गद्याचा नमुना म्हणून नेहमी उल्लेखला जातो. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला चार्ल्स कॉटनने जोडलेला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कॉटन हा कवी, आणि पुढे माँतेन्यच्या निबंधांचा अनुवादक. नितळ पाण्यात मासा सावध असतो, म्हणून दोरी बारीक हवी आणि माणूस दूर हवा, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. आजच्या ‘फिनेस’चे बीज या शिकवणीत आहे.

अटलांटिकपलीकडे ही शिकवण नव्या माशाला भेटली. ब्लॅक बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा हे त्याचे दोन प्रमुख प्रकार. त्याच्या शास्त्रीय नावाची कथा भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याच्यापुढे १८०२ मध्ये जो नमुना होता त्याचा पाठीवरचा पर तुटलेला होता. तुटका तुकडा त्याला वेगळा, चिमुकला पर वाटला आणि त्याने प्रजातीचे नाव ठेवले ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे लघुपर. एका जखमी माशाची जखम अशा रीतीने साऱ्या कुळाचे नाव होऊन बसली.

या माशाला प्रतिष्ठा दिली ती सिनसिनाटीच्या डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी, १८८१ च्या ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ या ग्रंथाने. ट्राउट हा सभ्य माणसाचा मासा आणि बास हा दुय्यम, ही तत्कालीन समजूत त्यांनी खोडून काढली आणि बाससाठी आखूड, हलक्या काठीचा पुरस्कार केला. त्याच सुमारास गळाचे उत्पादन हातातून यंत्राकडे चालले होते : नॉर्वेतील मुस्टाड कंपनीत मॅथियस टॉप यांनी १८७७ मध्ये गळ घडवणारे यंत्र तयार केले. १९०५ मध्ये इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधील इलिंगवर्थ यांनी स्थिर चातीच्या रिळाचे पेटंट घेतले. कापड गिरणीतील बॉबिनवरून सुचलेली ही कल्पना. या रिळामुळे अगदी हलके आमिषही लांब फेकता येऊ लागले. सुई, केस, चाती : शिवणकाम व विणकामाने गरवणाऱ्याला किती दिले, याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

विसाव्या शतकात अमेरिकी बास-मासेमारी एकीकडे बळाच्या दिशेने गेली. १९४९ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ तयार केला; पाणवनस्पतीत दडलेल्या बासला ओढून काढायचे तर जाड दोरी, ताठ काठी, मोठा गळ आणि जोरदार हिसका हवा. १९६७ पासून रे स्कॉट यांनी भरवलेल्या स्पर्धांनी या शैलीला वलय दिले. दुसरीकडे कॅन्सस सिटीच्या परिसरात एक शांत परंपरा वाढत होती : लहान आमिष, हलके शिसे, बारीक दोरी. तिचे टिपण पुढे नेड केडी यांनी वर्षानुवर्षे ठेवले. ते कॅन्सस विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभिलेखपाल होते. छत्रीच्या आकाराच्या चिमुकल्या शिशावर जेमतेम सात सेंटिमीटरचे आमिष लावण्याची पद्धत आज त्यांच्याच नावाने, ‘नेड रिग’ म्हणून, ओळखली जाते. नोंद ठेवणाऱ्याचे नाव परंपरेला मिळावे, हे आम्हा अध्यापकांना सुखावणारे आहे.

तिसरा प्रवाह जपानचा. जगातील सर्वांत जुने ज्ञात गळ ओकिनावाच्या साकितारी गुहेत सापडले आहेत. सागरी गोगलगायीच्या शिंपल्यापासून घडवलेले, सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. ब्लॅक बास मात्र तेथे पाहुणा. १९२५ मध्ये उद्योजक आकाबोशी तेत्सुमा यांनी कॅलिफोर्नियातून तो हाकोनेच्या आशी सरोवरात आणला. पुढे बास पकडणारे वाढले, तलाव तेवढेच राहिले आणि मासे शहाणे झाले. या दडपणातून जपानी कारागिरीने अतिबारीक तारेचे, रासायनिक प्रक्रियेने धारदार केलेले गळ घडवले. १९७१ मध्ये कुरेहा कंपनीने आणलेल्या फ्लुओरोकार्बनच्या दोरीने पाण्यात जवळजवळ अदृश्य राहण्याची सोय केली. शिसे तळाशी आणि गळ त्याच्या हातभर वर, अशी ‘ड्रॉप शॉट’ मांडणी जपानी स्पर्धकांनी लोकप्रिय केली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती अमेरिकेत परतली.

आता या नाजूक मांडणीत मासा सुटू नये यासाठी गळ कसा निवडावा? येथे इतिहासाला यंत्रशास्त्राची जोड द्यावी लागते. पहिले तत्त्व तारेच्या जाडीचे. सहा ते आठ पौंडांची दोरी आणि लवचिक काठी फार जोर देऊ शकत नाही. जाड तारेचा गळ त्या जोराने माशाच्या जबड्यात शिरतच नाही. म्हणून बारीक तार. दुसरे तत्त्व मुखाच्या पैसाचे. आमिषाची जाडी वजा केल्यावर टोक आणि दांडा यांच्यात पुरेसे अंतर उरले पाहिजे. न उरले तर टोक जबड्याऐवजी आमिषातच रुतते. ड्रॉप शॉटमध्ये आमिष नाकाशी अडकवले असेल तर एक किंवा दोन क्रमांकाचा गळ पुरतो. मधोमध टोचलेल्या जाड आमिषाला थोडा रुंद लागतो. (गळांचे क्रमांक उलटे चालतात : दोनापेक्षा चार लहान, शून्यासह लिहिलेले आकडे मात्र वाढत जातात.) तिसरे तत्त्व धारेचे. नखावर टोक हलके ओढावे. घसरले तर गळ बदलावा, चिकटले तर ठेवावा.

आणि शेवटचे तत्त्व हाताचे. येथे हिसका वर्ज्य. दोरी ताणात येईपर्यंत रीळ फिरवावे आणि काठी एका बाजूला सावकाश झुकवावी. धार आपले काम करते. रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवला की बास उडी मारून डोके झटकतो तेव्हा दोरी तुटत नाही आणि सैलही पडत नाही. मासा सुटतो तो बहुधा ताण सैल झाल्यामुळे.

इथवर ही कथा संयमाच्या विजयाची वाटेल. पण आम्हाला येथेच थांबावेसे वाटत नाही. १९७२ मध्ये स्कॉट यांच्या संघटनेने स्पर्धेतला मासा जिवंत सोडण्याची प्रथा रुजवायला सुरुवात केली आणि अमेरिकेत बासला पाण्यात परत सोडणे हा सदाचार ठरला. बारीक, लहान काट्याचा गळ हा त्या सदाचाराचा सोबती मानला गेला. जपानमध्ये नेमके उलट घडले. बासने देशी मासे फस्त केले, म्हणून बिवा सरोवराच्या शिगा प्रांताने २००३ पासून पकडलेला बास पुन्हा सोडण्यास मनाई केली, आणि २००५ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय कायद्याने त्याला परकीय आक्रमक प्रजातींत घातले. त्याच बिवामध्ये २ जुलै २००९ रोजी कुरिता मानाबू यांनी १०.१२ किलोंचा बास धरून १९३२ च्या जॉर्ज पेरी यांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. तोही नाजूक प्लॅस्टिकने नव्हे, जिवंत ब्लूगिलच्या आमिषाने. ब्लूगिल हाही परकाच मासा. एकाच माशाला सोडणे एका किनाऱ्यावर पुण्य आणि दुसऱ्या किनाऱ्यावर गुन्ह्यासमान, गळ तोच.

शिवाय लहान गळ म्हणजे दया, हे समीकरणही तपासून घ्यावे लागते. बारीक दोरीवर झुंज लांबते, मासा दमतो. लहान गळ खोल गिळलाही जातो. साधन नाजूक असले म्हणून हेतू नाजूक ठरत नाही. वॉल्टनपासून केडींपर्यंतच्या लेखनात सौम्यतेचा जो सूर आहे तो माणसाच्या मनाचे वर्णन करतो. माशाची बाजू त्यात क्वचितच येते. वाङ्मयाचे वाचक म्हणून हे अंतर ओळखणे आमचे काम. कौशल्याचे कौतुक जरूर करावे, कारण बारीक तारेमागे शतकांची बुद्धी आहे. पण विनवणी आणि फसवणूक हे दोन्ही अर्थ मराठीने एकाच शब्दात ठेवले, यात आपल्या भाषेने या साऱ्या ग्रंथकारांपेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे, असे आमचे मत आहे.